सहभागी बेडकाच्या हितार्थ

ज्यांनी शाळेत जीवशास्त्र घेतले नाही आणि ज्यांना आता विद्यापीठात विज्ञान किंवा नर्सिंग शिकण्याची इच्छा झाली आहे, अशा नागरिकांसाठी आमच्याकडे दर उन्हाळ्यात पूर्वतयारी वर्ग भरतो. त्याचा संयोजक मी. पेशी, पचन, श्वसन, आनुवंशिकता हे सगळे फळ्यावर आटोपले की शेवटी एकच प्रात्यक्षिक असते, बेडूक कापून त्याचे हृदय पाहण्याचे. ऑस्ट्रेलियातल्या उत्तर क्वीन्सलंडच्या या उसाच्या पट्ट्यात बेडकांना तोटा नाही. उसावरचे किडे खाण्यासाठी कुणा शहाण्याने केन टोड नावाचा विषारी बेडूक परदेशातून आणला; त्याने किडे तेवढे सोडले आणि बाकी सगळ्यावर ताव मारला. तेव्हापासून त्याला दिसेल तिथे मारणे हे इथे देशकार्य समजले जाते.

यंदाच्या वर्गात रेलीन झानेटी नावाची बाई होती. चाळिशी उलटलेली, अर्धे आयुष्य सुपरमार्केटच्या गल्ल्यावर गेलेले. तिला नर्स व्हायचे होते.

"हे बघ डुगल," पहिल्याच दिवशी ती मला म्हणाली, "पाठ काय, मी सगळं करीन. मला फक्त एक बघायचंय. रक्तबिक्त पाहून मी उभी राहते की आडवी होते. नवऱ्याचं बोट कापलं तेव्हा तो बिचारा एका हाताने मला पाणी पाजत होता. आता हातातली नोकरी सोडायची, तीन वर्षं शिकायचं, आणि पहिल्याच पेशंटच्या अंगावर कोसळायचं? त्यापेक्षा बेडकावर कोसळलेलं काय वाईट?"

मागणी रास्त होती. परंतु यंदा विद्यापीठात प्राणीहित समिती स्थापन झाली होती. अध्यक्ष डॉ. ग्लेनिस ट्रेगोवन यांनी धोरण स्पष्ट केले. अंगणातला बेडूक हा उपद्रवी जीव होय. मात्र प्रयोगशाळेचा उंबरठा ओलांडताच तो 'अध्यापनातील सहभागी' होतो आणि त्याला सर्व संरक्षण लागू होते. इतकी स्वच्छ व्याख्या मी नोकरीत क्वचितच पाहिली आहे.

रेलीनने दुसऱ्याच दिवशी आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यातून घरच्या फ्रीजरमध्ये गोठवलेले बेडूक आणले. वरती गोठलेले मटार ठेवून आणले होते, म्हणून फार ताजे राहिले होते. समितीने ते नाकारले. सदर बेडकांचा मृत्यू विनापरवाना झाला होता आणि मृत्यूनंतर परवाना देण्याची तरतूद नव्हती. डबा परत करण्यात आला. मटार मात्र समितीच्या अखत्यारीत येत नव्हते.

म्हणून आम्ही जिवंत बेडूक मिळवला. लळा लागू नये म्हणून त्याला नाव न देता 'सहभागी एक' म्हणायचे ठरले. त्याला काचेची पेटी, लपायला मातीचे खापर, ओलसर गवत, जिवंत नाकतोडे आणि वातानुकूलित खोली देण्यात आली. विद्यार्थ्यांची खोली तेवढी वातानुकूलित नव्हती. सहभागी एक याला एकटेपणा वाटू नये म्हणून विद्यार्थ्यांनी आळीपाळीने त्याच्याजवळ बसायचे होते, परंतु त्याच्याकडे टक लावून पाहायचे नव्हते. श्वसनाचा धडा त्यातच बुडाला.

"कापायचं कधी?" रेलीन रोज विचारायची.

"परवानगी आली की."

"आणि ती कधी येणार?"

"बेडकावाचून शिकता येत नाही, हे सिद्ध झालं की."

मध्यंतरी डॉ. ट्रेगोवन यांच्या घरी रविवारची बार्बेक्यू पार्टी होती. मी गेलो होतो. रेलीनही आली होती, बटाट्याची कोशिंबीर घेऊन. सॉसेज भाजत असताना अध्यक्षांच्या हिरवळीवर एक भलामोठा बेडूक आला. बोलणे न थांबवता डॉ. ट्रेगोवन यांनी कोपऱ्यातली गोल्फची काठी उचलली आणि असा काही टोला हाणला की बेडूक कुंपणाला लागून खाली पडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, फटका खरोखरच सुरेख होता.

रेलीन ताडकन उठली. पर्समधून तिने वर्गासाठी घेतलेली छोटी सुरी काढली. "ग्लेनिस, हा तर मेलाच आहे. आता मी जरा उघडून बघते. दोन मिनिटं लागतील."

"खबरदार!" डॉ. ट्रेगोवन ओरडल्या. "हात लावू नकोस त्याला!"

"अगं, आत्ता तूच तर त्याला कुंपणावर आपटलास!"

"ती साफसफाई होती. तू कापलंस तर ते शिक्षण होईल. शिक्षणाला परवानगी लागते, बाई!"

रेलीनने माझ्याकडे पाहिले. मी सॉसेजला सॉस लावत होतो. ती सुरी पर्समध्ये ठेवून खाली बसली आणि नंतर कोशिंबिरीचे भांडे रिकामे न करताच घरी घेऊन गेली.

समिती निर्दय नव्हती. तिने पर्याय दिला. ग्रंथालयातल्या एका हौशी बाईंनी लोकरीचा बेडूक विणला. पोटाला चेन होती, आत पिवळे यकृत, निळी फुप्फुसे आणि लाल लोकरीचे हृदय बटणाने टाचलेले. विद्यार्थ्यांनी चेन उघडली, बटण काढले, हृदय पाहिले, बटण लावले. लोकरीने अंगाला खाज सुटू शकते, म्हणून हातमोजे घालूनच. वर्गातले सगळे उत्तीर्ण झाले आणि त्यामुळे बेडकावाचून शिकता येते हे निर्विवाद सिद्ध झाले. समितीने परवानगी कायमची नाकारली. सहभागी एक याला मारता येईना, आणि उपद्रवी जीव मोकळा सोडणे कायद्याने गुन्हा असल्यामुळे सोडताही येईना. तो सध्या गारव्यात नाकतोडे खात असतो. त्याच्या खर्चासाठी आम्ही वर्गाची फी वाढवली आहे.

रेलीन पहिली आली. निकालाच्या दिवशी ती माझ्या खोलीत आली.

"डुगल, मी पडते का नाही, ते अजून कळलंच नाही रे मला."

"प्रमाणपत्रावर काय लिहिलंय?"

"'रक्ताभिसरणाचे प्रत्यक्ष दर्शन, उत्तम श्रेणी.'"

"मग झालं तर."

"लोकर होती ती, डुगल! तुला लाज नाही वाटत?"

मला वाटली. खरेच वाटली. पण तिला प्रवेश मिळाला होता आणि नकार देण्याचे कारण कुठेच नमूद नव्हते. गल्ल्याची नोकरी तिने त्याच आठवड्यात सोडली. आमचा निकाल पाहून नर्सिंग विभागानेही सुई टोचण्याच्या सरावासाठी लोकरीचे हात मागवले आहेत, त्यामुळे पुढच्या तीन वर्षांतही तिची काही आबाळ होणार नाही.

आपण आता हसत असाल. खुशाल हसा. पण उद्या इस्पितळात आपल्या दंडाला पट्टा बांधून रेलीन सुईचे टोपण काढील, तेव्हा आपणही तिला एवढेच विचाराल, की प्रमाणपत्र आहे ना? आहे, पहिल्या नंबराचे आहे. आपण फक्त हात सरळ ठेवा, आणि जमल्यास तिला पडायला थोडी जागा करून द्या.