चार वाजताचा शब्द

आमच्या नानांना नुसतं 'थकलो' सांगून कुणाची सुटका होत नाही. विश्वास नसेल तर एकदा आमच्या गल्लीत येऊन सांगून बघा.

"थकलात? नक्की थकलात, की दमलात?" असं विचारून नाना तुम्हाला जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसवतात. मग स्वतः कठड्याला टेकून उभे राहतात आणि तुमची तपासणी सुरू होते. जिना चढून आलात? मग तुम्ही दमलात. दोन मिनिटं बसा, दम परत येईल. दिवसभर राबून आलात? मग थकलात, त्याला झोपेशिवाय उपाय नाही. पायी चालत आलात? मग भागलात. डोळे आणि डोकं दुखतंय? शिणलात. एसटीत तासन्‌तास बसून आलात? अंग आंबलं. ताप येऊन गेलाय? गळून गेलात. "आणि कंटाळलो म्हणू नका. कंटाळा हा थकव्याचा नातेवाईक नाही, शेजारी आहे."

नाना धुळ्यातल्या एका छापखान्यात तीस वर्षं मुद्रितशोधक होते. म्हणजे छापून होण्याआधी कागदावरच्या चुका शोधून दुरुस्त करायच्या. छापखाना बंद झाला, चुका मात्र सुरूच राहिल्या. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात 'थकवा दुर करा' अशी पाटी होती. नानांनी खिशातल्या खडूने त्यातला 'दु' दीर्घ केला आणि दुकानदाराला म्हणाले, "ऱ्हस्व ठेवलात तर थकवा फार लांब जायचा नाही." एकदा माझ्यासमोर त्यांनी 'शीण' दीर्घ आणि 'शिणवटा' ऱ्हस्व का, हे अर्धा तास समजावलं. मी सकाळच्या शाळेत मराठीच शिकवते, पण मान डोलवत राहिले. चार तास वर्गात उभं राहून आल्यावर वाद घालायचं त्राण कुणात असतं? ते त्राण नसण्यालाही त्यांच्याकडे शब्द असणार, म्हणून मी तेही बोलले नाही.

भाजीवाली सखुबाई मात्र त्यांना पुरून उरते. टोपलं उतरवत ती तिच्या अहिराणी वळणात म्हणते, "नाना, बठ्ठं आंग दुखस. आते तुम्हीच सांगा, काय म्हनू?" नाना खुशीत येतात, चष्मा पुसतात आणि तिला दोन-तीन शब्द देऊ करतात. ती ते मेथीच्या जुड्या निवडाव्यात तसे निवडते.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण गेल्या दिवाळीच्या पाडव्याला अक्का पडल्या. अक्का म्हणजे नानांची बायको. अंगणात सडा घालताना पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन जळगावला झालं आणि पुढची देखभाल तिथे राहणाऱ्या लेकीकडे, सुनंदाकडे. नाना-अक्कांचं घर वरच्या मजल्यावर, आणि आमच्या जिन्याला एकोणीस पायऱ्या. डॉक्टरांनी सांगून टाकलं की पायऱ्या चढता आल्या तरच घरी न्यायचं, आणि व्यायाम केला नाही तर पाय आखडून बसेल. त्या दिवसापासून नानांच्या आयुष्यात एकच प्रश्न उरला, अक्का एकोणीस पायऱ्या कधी चढणार.

तुम्ही म्हणाल, नाना तिथेच का राहिले नाहीत? राहिले होते की, आठ दिवस. जावई डाळमिलमध्ये कामाला. रोज संध्याकाळी घरी येऊन बिचारा म्हणायचा, "थकलो बुवा." पुढे काय होत असेल ते सांगायला नको. नवव्या दिवशी सुनंदानेच पिशवी भरली. "नाना, तुम्ही धुळ्यालाच बरे. मी आहे ना आईजवळ." नानांनी हे आम्हाला हसत सांगितलं. पण त्या आठवड्यात ते गल्लीत कुणाला काही विचारायला उतरले नाहीत.

मग चार वाजताचा फोन सुरू झाला.

चारच का, तर छापखान्यात नोकरीला असताना नाना चार वाजता कागदांचं भेंडोळं घेऊन घरी यायचे. मग नाना आणि अक्का चटईवर समोरासमोर बसायचे. अक्का मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायच्या आणि नाना छापलेल्या कागदावर पेन्सिल फिरवत जायचे. अक्का विरामचिन्हंसुद्धा वाचायच्या. 'पाऊस आला नाही स्वल्पविराम शेतकरी चिंतेत पूर्णविराम.' एकही खूण गाळायची नाही आणि एकही शब्द पदरचा घालायचा नाही, हा नियम. वर्षानुवर्षं असं वाचून अक्कांना एक सवय लागून गेली होती. बाकी सगळ्या जगाला त्या 'मला काय धाड भरलीय?' म्हणतील, पण चार वाजता नानांनी विचारलं की जे आहे तेच वाचून दाखवणार.

मी शाळेतून येते, जेवते आणि पंखा लावून आडवी होते. धुळ्याची दुपार अशी की आकाश पांढरं पडतं, गल्ली निपचित होते, आणि कुठल्याशा जिनिंगमधून उडून आलेला कापसाचा एखादा पुंजका खिडकीतून आत तरंगत येतो. तो खाली पडतोय की वर जातोय हे बघता बघता डोळा लागतो. त्या अर्धवट झोपेत वरून नानांचा आवाज यायचा, "बोल, आज कोणता?" त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून फोन स्पीकरवर असायचा. त्यामुळे अक्कांचं उत्तरही खाली उतरायचं, बारीक पण स्वच्छ. "गळून गेल्यागत वाटतं, पूर्णविराम." दुसऱ्या दिवशी, "ग्लानी, पूर्णविराम." मी उशीत तोंड घालून त्या शब्दांबरोबर वाहत राहायची. जागी असायची की झोपेत, मला कधी धड कळलं नाही. एवढं मात्र कळायचं की वर कॅलेंडरचा कागद सळसळतोय आणि नाना काहीतरी लिहिताहेत.

जानेवारीत सतत एकच शब्द येऊ लागला. "पेंग, पूर्णविराम." पंधरा दिवस तेच. सोळाव्या दिवशी नाना धोतर सावरत खाली आले. "ताई, हे थकणं नव्हेच. हाड मोडलेला माणूस थकेल, गळून जाईल. ही तर सारखी पेंगतेय. व्यायाम कधी करणार?" आणि पारोळा, एरंडोल करत जाणाऱ्या दुपारच्या गाडीने थेट जळगावला निघाले.

दवाखान्यात काय झालं ते सुनंदाने मला नंतर फोनवर सांगितलं. सांगताना ती हसत होती आणि मधूनच नाक ओढत होती. तपासणीआधी भरायच्या कागदावर छापलं होतं, 'थकवा: आहे / नाही'. दर खेपेला अक्का 'नाही'वर खूण करायच्या. नानांनी तो कागद काढून घेतला, 'थकवा' या शब्दावर काट मारली आणि समासात अकरा शब्द अर्थासह लिहून काढले. मग तो दुरुस्त केलेला कागद तसाच डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवला.

"आजोबा, हे काय?"

"तुमच्या कागदात चूक होती. आता हिला विचारा."

बाई तरुण होत्या, घाईत होत्या आणि बाहेर रांग होती. तरी त्यांनी तो कागद वाचला, आणि मोठ्याने वाचला. एकेक शब्द उच्चारून त्या अक्कांकडे बघायच्या आणि अक्का मान हलवायच्या. 'पेंग' आला तेव्हा अक्का म्हणाल्या, "हाच. रात्रीची गोळी घेतली की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत." डॉक्टरीणबाईंनी ती गोळी बदलली. तो कागद त्यांनी फाइलमध्ये लावून ठेवला, याचाच नानांना सगळ्यात जास्त अभिमान.

फेब्रुवारीत शब्द बदलत गेले. "शीण, पूर्णविराम." "अंग आंबलं, पूर्णविराम." आणि मार्चच्या सुरुवातीला एका दुपारी मी अशीच तरंगत असताना वरून अक्कांचा आवाज आला.

"भागले."

मी टक्क जागी झाले. नानांच्या शाळेत शिकलेल्या आमच्या सगळ्या गल्लीला पाठ आहे, चालल्याशिवाय कुणी भागत नाही.

मग नाना म्हणाले, "पुन्हा वाच."

"भागले. सुनंदाच्या गच्चीच्या जिन्याच्या सात पायऱ्या चढले. कुणी धरलं नव्हतं. पूर्णविराम."

मी चहा टाकला आणि दोन कप घेऊन वर गेले. नाना चटईवर बसले होते, भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर. समोरची, अक्कांची बाजू रिकामी होती. ज्या चौकोनात आपण गॅसची टाकी कधी लावली ते लिहितो, तिथे त्यांनी रोज अक्कांचा शब्द शाईने लिहिला होता. आजच्या चौकोनात ठसठशीत 'भागले'. जवळ गेल्यावर मला दिसलं की प्रत्येक शब्दाखाली पेन्सिलीने, अगदी बारीक, आणखी एक शब्द होता. कालच्या चौकोनात, परवाच्या, त्याच्या आदल्या दिवशीच्या. मी पान मागे उलटलं. फेब्रुवारीतही सगळीकडे तोच.

'ताटकळलो.'

वाट बघत उभं राहून राहून माणूस होतो तसा. गल्लीला अकरा शब्द शिकवणाऱ्या या माणसाने तो शब्द आमच्यापैकी कुणापुढे कधी काढला नव्हता. आणि आम्हीही इतक्या वर्षांत कुणी, "नाना, आज तुमचा कोणता?" असं विचारलं नव्हतं. मराठी शिकवणाऱ्या मला स्वतःची फार लाज वाटली.

"नाना, आजचा खालचा लिहायचा राहिला," मी म्हटलं.

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, थोडा वेळ हातात धरली आणि परत कानावर ठेवली. "आज लागू नाही," ते म्हणाले आणि चहा प्यायला लागले.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले, तर नाना जिन्यात ओणवे होऊन काहीतरी करत होते. सातव्या पायरीवर गोधडीची जाड घडी घातलेली होती. दुसरी घडी चौदाव्या पायरीवर बसते की नाही ते बघत होते.

"हे काय, नाना?"

"इथे ती भागेल," ते सातव्या पायरीकडे बोट करत म्हणाले. "फरशी गार लागते तिला."

मी घरात जाऊन माझ्या डोक्याखालची उशी आणली आणि त्या गोधडीवर ठेवली. मग खालच्या पायरीवर बसून त्यांना विचारलं, "बोला नाना, आज कोणता?"