हजारो वर्षं जुना, ताजा माल

दामूकाका माती चाखून बघतात. चिमूटभर जिभेवर ठेवायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, "खारी हाय. भट्टीत फुटंल." पाम गावात मी त्यांच्या शेजारी भाड्याने राहतो आणि बोईसरच्या एका कारखान्यात पाळ्या करतो. पाळी संपवून पाय ओढत घरी आलो की काका माझ्यापुढेही चिमूट धरतात. एकदा मी चाखलीसुद्धा. नाही म्हणायलाही अंगात त्राण लागतं.

काका पिढीजात कुंभार. पण मडकी खपेनात, म्हणून अर्धं आयुष्य त्यांनी एका कंपनीच्या गेटवर रखवालदारी केली. नोकरी सुटल्यावर चाक पुन्हा बाहेर काढलं, तोवर पणत्याही बाहेरगावाहून ट्रकने यायला लागल्या होत्या. अशात कुणाच्या तरी शाळेच्या पुस्तकात त्यांनी उत्खननात सापडलेल्या भांड्यांचा फोटो पाहिला. तांबडा रंग, काळ्या रेघा, पोटाला नळी.

"हजारो वर्सं झाली, यांचा माल अजून हाय," काका म्हणाले. "आपला दिवाळीपत्तूर टिकत नाय."

झालं. तसंच भांडं करायचं म्हणून बसले.

पहिली भट्टी फुटली. दुसरी काळी पडली. तिसरीच्या धुराने सगळी आळी खोकत बसली. दरवेळी काकांचं एकच, "घाई कोनाला हाय?" घाई ताराकाकींना होती. "सरपन संपवलंन, आता भात काय उन्हात शिजवू?"

चौथ्या भट्टीतून सहा लोटे धड निघाले. माझी सुट्टी होती, म्हणजे झोपायचा दिवस. मी काकांबरोबर टोपली धरून बाजारात बसलो. नवापूरच्या एका मासेवालीने लोटा उलटासुलटा केला. "ही नळी फुटून आली का मुद्दाम हाय?" मग एक कामगार थांबला.

"चाचा, ये केतली है क्या?"

"हजारों साल पुराना है," काका अभिमानाने म्हणाले.

"पुराना है तो आधे में दो ना."

काकांनी त्याला तो फुकट दिला. तेवढा एकच गेला.

पुढच्या सुट्टीला मी त्यांना मुंबईच्या एका संग्रहालयात नेलं. खरी भांडी बघून तरी नाद सुटेल, असं मला वाटलं होतं. काका काचेला नाक लावून उभे. "काठावर बोट उमटलंय बग. घाईत व्हता बिचारा." मग ते पुढच्या कपाटाशी गेले आणि तिथेच थांबले. आत दोन मोठी मडकी आडवी ठेवली होती, तोंडाला तोंड लावून.

"काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं. त्या काळी तान्हं मूल गेलं की अशा दोन मडक्यांत ठेवून घरातच, जमिनीखाली पुरत.

काका बाकावर बसले. मग म्हणाले, "आमची पोरगी बारा दिवसांची गेली. खाडीकडंला पुरली, नुसत्या फडक्यात." काचेकडे बघत राहिले. "घरात मडक्यांचा ढीग व्हता रे. मला सुचलंच नाय."

परतल्यावर त्यांनी नळीचे लोटे सोडून दिले. महिनाभर दोन मोठ्या मडक्यांवर खपले. भट्टी उघडली तेव्हा दोन्ही तांबडीलाल, एकही तडा नाही.

काकी आणि काका खाडीकडे जाऊन आले. ती जागा आता भरावाखाली गेली होती. त्यांनी अंदाजाने ओंजळभर माती आणली. ती मडक्यात ठेवताना काकांनी चाखली नाही.

घरात चुलीजवळ खड्डा मी खणला. काकांनी मडकी आडवी ठेवली, तोंडाला तोंड लावलं आणि सांधा ओल्या मातीने बोटाने बंद केला. मी माती लोटली. काकी वरून शेणाने सारवायला बसल्या. सारवून झालं, सुकायला लागलं, तरी त्यांचा हात फिरतच होता.

"पुरे आता," मी म्हणालो.

"असू दे," काका हळूच म्हणाले. "निजंल ती."