धुंडिराज अस्वलाचे विमान आणि खिंडीतली विरळ हवा

एका जंगलात, जिथे रस्ता अजून पोहोचला नव्हता पण मोबाइल पोहोचला होता, धुंडिराज नावाचे एक अस्वल राहत असे. मुलांनो, अस्वलाचे पोट मोठे असते हे तुम्हाला ठाऊकच आहे. धुंडिराजाचा उत्साह पोटाहून मोठा होता. त्याने घरामागे स्वतःच्या हाताने विमान बांधले होते. पंख बांबूचे, चाके बाबागाडीची, इंजिन एका जुन्या मोटारीचे.

विमान उडत असे. याचे सगळ्यात जास्त आश्चर्य धुंडिराजालाच वाटत असे.

त्याची लेक मंजुळा डोंगरापलीकडे दिली होती. तिला बाळ झाले. धुंडिराजाने आनंदाच्या भरात निरोप धाडला, "बारशाला मी विमानाने येतो." निरोप गेल्यावर त्याला डोंगराची आठवण झाली.

डोंगर फार उंच होता. उंचावर हवा विरळ असते. पेट्रोल जळायला हवा लागते. हवा कमी, तर इंजिनाचा जोरही कमी. धुंडिराज एकदा खिंडीकडे जाऊन आला. खिंडीच्या बऱ्याच खाली इंजिनाला धाप लागली आणि तो मुकाट्याने परत फिरला.

शेजारच्या झाडावर चिंतो वानर राहत असे. त्याने आयुष्यात खुर्चीसुद्धा बनवली नव्हती, त्यामुळे त्याला सगळे येत होते.

"इंजिनात हवा कोंबायची," चिंतो म्हणाला. "टर्बो बसवायचा."

बाजारात टर्बो मिळत होता. किंमत ऐकून धुंडिराज दुकानाबाहेर येऊन पायरीवर बसला.

"स्वस्तात काही होईल का रे?" त्याने विचारले.

"स्वस्तात सगळं होतं," चिंतो म्हणाला आणि त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. त्यात परमुलखातले एक अस्वल काहीतरी सांगत होते. त्याची भाषा कळत नव्हती, पण आत्मविश्वास कळत होता.

मग धुंडिराजाने भंगारातून एका ट्रकचा टर्बो आणला. इंजिनाच्या धुराने त्याचा पंखा फिरायचा आणि पंख्याने हवा कोंबायची, असा बेत होता. पण ट्रक होता दांडगा आणि धुंडिराजाचे इंजिन होते चिमुकले. त्याच्या फुंकरीने पंखा हलेना. विमान तेवढे जड झाले.

"काढून ठेवू का?" धुंडिराजाने विचारले.

"असू दे," चिंतो म्हणाला. "दिसायला बरा दिसतो."

मग लोहाराच्या भट्टीचा विजेवरचा पंखा आला. तो चालवायला बॅटरी आली. बॅटरी धरायला लोखंडी चौकट आली. पंख्यापासून इंजिनापर्यंत एक नळी आली आणि ती सायकलच्या ट्यूबने करकचून बांधली.

धुंडिराजाची बायको गोदाक्का हे सगळे ओट्यावरून पाहत होती. ती म्हणाली, "अहो, हे सगळं काढलंत आणि रात्रीचं जेवण थोडं कमी केलंत, तर नाही का जमणार?"

धुंडिराजाला ते पटले. म्हणूनच त्याला राग आला.

"अगं, हा हवेचा प्रश्न आहे. वजनाचा नाही," असे म्हणताना त्याने पोट हळूच आत ओढून घेतले.

बारशाच्या दिवशी गोदाक्का उजाडताच पायी निघाली. हातात लाडवांचा डबा होता, काखेत बाळाची कुंची.

"डबा विमानात ठेव की," धुंडिराज म्हणाला.

"नको. मला तो पोचवायचाय," गोदाक्का म्हणाली आणि चालू लागली.

दुपारी धुंडिराज उडाला. खाली चिंतो हात हलवत होता. विमान जड होते, पण चढले. खिंड समोर दिसू लागली, तशी इंजिनाला धाप लागली. धुंडिराजाने पंख्याचे बटण दाबले. इंजिन गुरगुरले, विमान चांगले हातभर वर सरकले, आणि धुंडिराजाच्या डोळ्यांत पाणी आले. आपण एवढे हुशार आहोत हे त्याला आजवर ठाऊक नव्हते.

तेवढ्यात ट्यूब फाटली. नळी निसटली आणि सगळी हवा धुंडिराजाच्या तोंडावर येऊ लागली. हवा छान गार होती. विमान मात्र खाली चालले होते.

अशा वेळी नातवाचे तोंड डोळ्यांपुढे यावे, असे त्याला वाटले. पण नातू अजून पाहिलाच नव्हता. म्हणून चिंतोचे तोंड डोळ्यांपुढे आले.

विमान कारवीच्या झुडपांत घुसले. पंख तुटले, चाके घरंगळत गेली. धुंडिराज फांद्यांतून बाहेर आला, तेव्हा त्याचा एक कान फाटला होता आणि बाकी सगळे शाबूत होते. खिंड वरच दिसत होती. तो पायी चढू लागला. थोडे चढला की थांबायचा, धापा टाकायचा आणि पुन्हा चढायचा. आपले भट्टीच्या पंख्यावाचून चालते आहे, हे त्याच्या लक्षात आले. ते त्याने कुणाला सांगायचे नाही असे ठरवले.

गोदाक्का केव्हाच पोहोचली होती. तिला पाणी दिले होते आणि लगेच नारळ खवायला बसवले होते.

धुंडिराज अंगणात शिरला. केसांत पाने, कानाला रक्त. बारसे थांबले.

"विमानाने आलात?" व्याह्यांनी विचारले.

"खिंडीपर्यंत," धुंडिराज म्हणाला. हे अगदीच खोटे नव्हते.

सगळे उठून उभे राहिले. कोणी गादी घातली, कोणी तक्क्या आणला, कोणी दूध तापवायला धावले. मंजुळेने बाळ आधी त्याच्या मांडीवर दिले. बाळ काळे, गुबगुबीत होते. त्याने आजोबांचे नाक पकडले. धुंडिराजाला फार लाजल्यासारखे झाले.

"खरं सांगू का," तो म्हणाला, "सगळा माझाच मूर्खपणा. नुसता चालत आलो असतो तर सकाळीच पोचलो असतो."

"पाहा, किती साधा स्वभाव," व्याही म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या.

स्वयंपाकघराच्या दारात गोदाक्का उभी होती. तिचे हात नारळाने पांढरे झाले होते. तिने नवऱ्याकडे पाहिले, फाटक्या कानाकडे पाहिले आणि आत जाऊन हळद घेऊन आली. कानाला हळद लावताना तिने जरा जोरातच दाबले.

तात्पर्य : डोंगर शेवटी पायीच ओलांडावा लागतो. पण त्याआधी एखादे विमान पाडावे. नुसते चालत आलेल्याला खवणी मिळते. पडून मग चालत आलेल्याला गादी.