तरसरावांच्या गाडीवरचा डिंक

एका जंगलात, मुलांनो, सगळ्यांकडे गाड्या होत्या. रस्ते मात्र नव्हते. त्याचं कुणाला फारसं काही वाटत नसे, कारण गाडी चालवण्यापेक्षा तिच्यावर स्टिकर लावायचीच हौस दांडगी. राज्य वाघाचं होतं. म्हणून प्रत्येक गाडीमागच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर मोठमोठी कापीव अक्षरं चिकटवलेली असत: वाघोबा.

पाच वर्षांनी वाघ पडला आणि सिंह निवडून आला.

झालं! जो तो स्टिकर ओरबाडू लागला. अक्षरं निघाली, पण खालचा डिंक जागचा हलेना. त्यावर धूळ बसली आणि 'वाघोबा' आधीपेक्षा ठळक दिसू लागला. शपथविधीच्या दिवशी सिंह स्वतः गाड्यांची पाहणी करणार होता.

माकडांनी सरळ दगड उचलले. तरसराव वाघाचे मंत्री, सिंहाकडेही मंत्रिपद टिकवायचं होतं, शिवाय गाडी महागाची. ते बाबल साळिंदराकडे आले. बाबलचं बीळ हेच त्याचं गॅरेज होतं.

"बाबल्या, डाग राहिला तर तुझं बीळ राहणार नाही," एवढंच ते बोलले.

बाबलला आपल्या कामाचा भारी अभिमान. अंगभर काटे असूनही त्यानं ॲल्युमिनियमला कधी काटा लावला नव्हता. धातू मऊ, ओरखडा पडला की जन्माचा. सोडाही चालत नाही, पट्टी काळी पडते. त्यानं गरम पाण्याचं फडकं ठेवून डिंक मऊ केला, वर खोबरेल चोळलं आणि तासभर मुरू दिलं. मग लाकडाच्या चपट्या काडीनं डिंक हळूहळू सरकवला आणि साबणाच्या पाण्यानं तेल पुसलं.

डिंकाचा कणही उरला नाही. उरला तो लखलखीत 'वाघोबा'. इतक्या वर्षांत बाकीची पट्टी उन्हापावसानं मळकटली होती. अक्षरांखालची तेवढी नवीकोरी राहिली होती.

सगळी पट्टी घासून सारखी करायला बाबलनं दोन दिवस मागितले. पण तेवढ्यात सिंहाच्या गुहेवर शपथविधीचं शिंग वाजलं आणि तरसराव गाडी ढकलत निघाले.

सिंह रांगेतून फिरला. माकडांच्या पट्ट्या सोलून निघाल्या होत्या. वाघाची केवढी ही चीड, म्हणून त्याला गहिवरून आलं आणि त्यानं तिथल्या तिथे दोन माकडांना मंत्री केलं. तरसरावांच्या गाडीपाशी तो थबकला. हे बाबलचं काम, असं तरसराव घाईघाईनं म्हणाले. तरी मंत्रिपद गेलंच.

बाबलला बोलावणं आलं.

"महाराज, मी डाग पूर्ण काढलाय," तो म्हणाला.

"काढलास रे," सिंह म्हणाला. "पण राग कुठे दिसतोय त्यात?"

राग दिसला नाही तर संध्याकाळी बीळ बुजवायचं, असा हुकूम झाला.

बाबल तरसरावांची गाडी ढकलत घरी आला. त्या चकचकीत पट्टीपुढे बसला. त्याला फार वाईट वाटलं. मग त्यानं पाठीवरचा एक काटा उपटला, डोळे मिटले आणि पहिला ओरखडा ओढला.

बीळ वाचलं. आता त्याच्या दारात नदीपर्यंत रांग असते. वर पाटी आहे: 'येथे रागाने खरवडून मिळेल.'

तात्पर्य: मुलांनो, डाग निघाला की नाही हे कुणी बघत नाही, काढताना आवाज किती झाला ते बघतात. आणि नवा स्टिकर लावताना एक कोपरा सुटा ठेवावा.