वरच्या मजल्यावरील कडीची हकीकत

श्रीवास्तुपुरुष समर्थ. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर. संवत्सराचे नाव क्रोधी, परंतु मजकूर मायेचा, सबब वाचणारांनी भिऊ नये. कोणे एके राज्यी राजश्री भार्गवपंत खांबेटे व त्यांचे कुटुंब इंदिराबाई खालचे मजल्यावर राज्य करीत होते. पोटी संतान नाही. वरचे मजल्याच्या दोन खोल्या हाच मुलूख, आणि पेन्शनीखेरीज तेच उत्पन्न. पंत मोठे धोरणी. चौकशी आधी करावी, किल्ली मागाहून द्यावी. करार अकरा महिन्यांचा, परंतु नोंदणीचा करावा. पोलीस ठाण्यास वर्दी द्यावी. नळ गळाला तर त्याच दिवशी प्लंबर आणवावा. आणि न कळविता भाडेकरूचे दार वाजवू नये, ऐशी त्यांची राजनीति. आणि एक कलम सर्वांहून कडक, की स्लॅबास भोक पाडू नये.

त्या मुलखी सोमनाथ घुगे, एसटीतील कंडक्टर, व त्यांची स्त्री शीतल ऐशी उभयतां नांदत होती. भाडे वेळेवर, जिना झाडलेला, आणि पंतांस काका व बाईंस काकू म्हणावे. मग शीतलबाईंस दिवस गेले. त्यांस माहेर उरले नव्हते, बाळंतपण येथेच व्हावयाचे. आणि सातवा सरता सोमनाथ खाली येऊन मान न उचलता बोलिले, "काका, पुढच्या महिन्यात खोली सोडावी म्हणतो." पंतांनी कारण पुसले तर "तसं काही नाही," इतकेच. पंतांनी तर्क केला की भाडेवाढीचे भय, म्हणोन वाढ माफ केली, तरी नाही. मग मोरीस नवी फरशी बसविली, तरी नाही. ऐशी संधी पाहून दलाल चालून आला की, विद्यार्थी भरतो, भाडे दुप्पट देववितो. पंतांनी त्यास चहा पाजून वाटेस लाविले, आणि मग दिवसभर जेवले नाहीत. लळा लागला होता, हे खरे.

तेव्हा इंदिराबाई आवळ्याचे लोणचे घेऊन, आधी कळवून, वर गेल्या. शीतलबाई पलंगावर बसून छताकडे पाहत होत्या. "काय बघतेस गं?"

"कडी नाही ना काकू वर. सासूबाई म्हणत्यात, पाळणा टांगता येत नाही तिथं बाळंतीण ठेवायची नाही. स्टँडचा पाळणा त्यांना चालत नाही. अन् यांनी भोकाचं कलम वाचून सही केलेली. काकांना कुठल्या तोंडानं मागायचं?"

बाई खाली आल्या आणि पंतांपुढे बसल्या. खालचे घर बांधते समयी पंतांनी हौसेने छतात पाळण्याची कडी सोडविली होती. तीस पाळणा लागला नाही, लसणाच्या जुड्या लागल्या. मग वरचा स्लॅब पडते दिवशी गवंड्याने पुसले, कडी सोडू का, आणि पंत बोलिले, नको. "तेव्हा मी काही बोलले नाही," बाई म्हणाल्या. "आज बोलते. ती पोरं कडीसाठी चालली आहेत." पंतांनी करार काढून ते कलम पुन्हा वाचिले. कलम गळतीचे म्हणोन लिहिले होते, ते गळतीचे नव्हते, हे त्यांचे त्यांस त्या दिवशी कळले. मग डोळे पुसून गवंडी आणविला, आपण स्टूल धरून उभे राहिले, आणि कडी बसताच गवंड्यास तीस लोंबकळावयास लाविले. नवे करारात लिहिले की, स्लॅबास भोक पाडू नये, पाळण्याची कडी खेरीज.

मग कन्या जाहली आणि बारसे जाहले, आणि पाळण्याची पहिली दोरी शीतलबाईंनी इंदिराबाईंचे हाती दिली. बाईंस रडे आवरेना. मग रोज कडी करकरू लागली, ती खाली स्पष्ट ऐकू येई. "वर जाऊन तेल घालून येऊ का?" बाईंनी पुसले.

"दुरुस्ती त्याच दिवशी करावी, हे माझंच म्हणणं," पंत म्हणाले. "पण एवढी राहू दे. खाली ऐकू येतं."

सारांश, चौकशी करावी, करार नोंदवावा, गळती काढावी, आणि चांगला भाडेकरू जातो म्हणाला तर भाडे उतरविण्याआधी घर त्याचे नजरेने एकदा पाहावे. जाहले तैसे लिहिले. कडीस तेल अद्याप घातलेले नाही.