सातव्या अल्बमबाबत कावळ्याचा कौल

माणूस गेल्यावर त्याचं घर, दागिने आणि गावची आंब्याची झाडं कोणाकडे जातात, हे ठरलेलं आहे. त्याची मतं कोणाकडे जातात, याबाबत मात्र कायदा गप्प आहे. दिंडोशीच्या 'पत्रा श्रोते मंडळा'ला ही उणीव गेल्या रविवारी प्रकर्षाने जाणवली.

'पत्रा' हा चौघांचा मराठी रॉक बँड. पहिल्या चार अल्बममध्ये ते ओरडले. पाचव्यात संतूर आलं, सहाव्यात ड्रमर गेला, आणि सातव्यात बराच वेळ जुन्या फ्रिजसारखी घरघर आहे. त्यामुळे मंडळात दोन गट पडले. चौथ्यापर्यंतच बँड होता असं मानणारे पहिले, आणि चौथ्यानंतर कुठे बँड झाला असं मानणारे दुसरे. दोन्ही गट अत्यंत सुसंस्कृत आहेत. (एकमेकांच्या घरच्या लग्नांना जातात, फक्त जेवत नाहीत.)

मंडळाचे संस्थापक बळवंत सावंत पहिल्या गटातले. पाचव्या अल्बमला ते 'लिफ्टमधलं संगीत' म्हणत. ते स्वतः तळमजल्यावर राहत असल्याने हे मत निःपक्षपाती मानलं जाई. सत्तावन्नाव्या वर्षी हृदयविकाराने ते गेले. खाडीकाठच्या घाटावर त्यांच्या दहाव्याला मंडळाचे एकतीस सभासद हजर होते. चिटणीस या नात्याने नोंदी ठेवण्याचं काम माझ्याकडे होतं.

दहा वाजून पाच मिनिटांनी पिंड ठेवले. समोरच्या भिंतीवर कावळे चौदा. (देवनारच्या कचराभूमीची सोय सोडून इतके येणं समाधानकारकच म्हणायला हवं.) पण एकही शिवेना. बळवंतरावांचे थोरले भाऊ शिवदास यांनी रीतीप्रमाणे राहिलेल्या इच्छांची चौकशी सुरू केली.

"बळवंता, तुज्या लेकीचा, दिपालीचा लगीन आमी लावन देतलंव."

हालचाल नाही.

"गावच्या घराची कौला बदलतलंव."

हालचाल नाही.

बळवंतरावांच्या पत्नी, सगुणावहिनी, तापलेल्या फरशीवर अनवाणी उभ्या होत्या. त्यांच्या इमारतीतल्या शांताबाई, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाल्या, "हिच्याच हातून काहीतरी राहिलं असणार बघ."

गुरुजींनी दर्भाचा कावळा करून विधी उरकण्याचा पर्याय सुचवला.

"नको," वहिनी म्हणाल्या. "जन्मभर ऐकावं लागेल मला. खरा येऊ दे."

तेव्हा पहिल्या गटाचा निलेश हात जोडून पुढे झाला. "बळवंतदादा, मंडळ पाचव्या अल्बमला कधीही मान्यता देणार नाही."

डावीकडून तिसरा कावळा भिंतीवरून खाली उतरला.

"बघितलंस?"

"वाऱ्याने उतरला तो," दुसऱ्या गटाची श्रुतिका म्हणाली. मग तीही पिंडाकडे वळली. "काका, सातवा तुम्हाला आवडायला लागला होता ना? मला फोनवर म्हणालात, परत ऐकून बघतो."

तोच कावळा दोन पावलं पुढे आला.

"परत ऐकतो म्हणजे आवडला काय गं? मी डेंटिस्टकडे पण परत जातो!"

"चौथ्यात बेस गिटार कुठे ऐकू येते ते दाखव आधी, मग बोल."

"दाखवतो ना! तिसरं गाणं!"

निलेशने फोनवर चौथा अल्बम लावला. नऊ कावळे उडून गेले. श्रुतिकाने ही बाब नोंदवून घेण्याची विनंती केली.

"अरे, तो कावळो आसा, परीक्षक नाय!" शिवदास ओरडले. दोन्ही गटांनी त्यांच्या दुःखाचा आदर राखून दुर्लक्ष केलं.

पुढल्या तासाभरातल्या नोंदी अशा: 'पाचव्यात संतूर नकोच होतं', अर्धा फूट पुढे. 'संतूर हीच खरी बंडखोरी', अर्धा फूट पुढे. 'सहाव्यासाठी ड्रमर परत आणू', एक फूट मागे. तुलनेला असावं म्हणून मी 'सांताक्रूझला विमानतळ आहे' असं तटस्थ विधान करून पाहिलं. दीड फूट पुढे. (हा निष्कर्ष मंडळाने एकमताने फेटाळला. गेल्या सहा वर्षांतलं हे पहिलं एकमत.)

पावणेबारा वाजले. एकतीस माणसं पिंडाला घेरून हातवारे करत भांडत होती. कावळा जवळ का येत नाही, याचा उलगडा कोणालाही होत नव्हता. शांताबाई आता दुसऱ्या शेजारणीला समजावत होत्या.

सगुणावहिनींनी हातातलं ताट खाली ठेवलं.

"मागे व्हा सगळे. त्या पिंपळापर्यंत. आणि एक शब्द नको."

आम्ही गेलो. बळवंतरावांच्या घरी तेवीस वर्षं बैठका होत होत्या. वहिनींचा आवाज मंडळाने तिथे फक्त 'चहा घेताय ना?' एवढ्यापुरताच ऐकला होता. त्या पिंडाजवळ टेकल्या. नोंदीसाठी मी अलीकडच्या दगडापाशीच थांबलो होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"अहो, या. जेवून घ्या. त्यांचं काही संपायचं नाही."

चार मिनिटांनी कावळा आला. इकडेतिकडे पाहिलं आणि भाताचा घास उचलला. मागोमाग दुसरा आला. वहिनींनी पदराने तोंड पुसलं, शांताबाईंकडे एकदा नीट पाहिलं, आणि दिपालीचा हात धरून रिक्षाकडे निघाल्या.

मंडळ निघालं नाही.

"सातव्यातलं शेवटचं गाणं काय आहे?" श्रुतिकाचे डोळे भरून आले होते. "चार मिनिटं नुसती शांतता! काकांना तेच हवं होतं."

"चार मिनिटं बारा सेकंद," निलेश म्हणाला. "कावळा बारा सेकंद आधी आला. दादांना ते शेवटपर्यंत सहन झालं नाही." (हा अल्बम आपण ऐकलेला नाही आणि ऐकणारही नाही, असं त्याने वार्षिक सभेत दोनदा लेखी दिलेलं आहे.)

हा मुद्दा येत्या रविवारी मतदानाला येईल. मत फक्त सभासदांना देता येतं. मात्र सभासद होण्यासाठी 'पत्रा'चं गाणं ऐकलेलं असण्याची अट नाही. आपण हे इथवर वाचलंत, या बँडचा एक सूरही आपल्या कानावर पडलेला नाही, आणि तरी निलेशचं बरोबर की श्रुतिकाचं, हे आपलं मघाशीच ठरलेलं आहे. मंडळाला असेच सभासद लागतात. आपलं नाव मी यादीत घातलं आहे. फक्त गट कळवा.