शबनमची नोकरी

उस्मानचाचा मोटारसायकलवरून उतरले की तिच्या टाकीवर दोन थापा मारतात. उतरतात नेहमी डावीकडून, आणि उतरल्यावर क्षणभर तिच्याकडे बघत उभे राहतात. दमली तर नाही ना, एवढं पाहून घेतात. गाडी त्यांच्या मुलाची, जावेदची. सुलतानपूरच्या चौकात त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाइकांसमोर हे चालतं म्हणून तो ओशाळतो.

"अब्बा, गाडी हाय थे. घोडी नाई."

"म्हनूनच त," चाचा म्हणतात, "बिचारीले सांगता येत नाई."

चाचा माझे शेजारी. आमच्या दोन घरांत एकच भिंत. वडिलांच्या टांग्याच्या घोड्यावर ते उघड्या पाठीनं बसायला शिकले आणि मग उभी हयात वरातीला घोडी देत राहिले. माणूस कसा आहे हे ते त्याच्या बसण्यावरून ठरवतात. मी शाळेत इतिहास शिकवायचो, वाकून वाचायची सवय. "सर, तुमची बैठक बिघडली," असं ते मला वर्षानुवर्षं सांगत आले. कुलूप उघडत नसो, पोरगी परीक्षेला घाबरलेली असो, कुणाचं ब्लडप्रेशर वाढलेलं असो, चाचांचा इलाज एकच. "लगाम ढिला सोडा."

शबनम त्यांची पांढरी घोडी. बँड वाजला की नाचायचं, असं त्यांनीच तिला शिकवलेलं. एका निवडणुकीत ते तिच्यावर बसून शेजारच्या बीबी गावच्या बाजाराला निघाले, तर समोरून प्रचाराची जीप गाणं वाजवत आली. शबनम वळली आणि जीपमागे नाचत साऱ्या गावभर फिरली. चाचा दोन्ही बाजूंना हात हलवून "नाई, नाई" म्हणत होते. लोकांना वाटलं, नमस्कार करताहेत. दुसऱ्या दिवशी समोरच्या पक्षाचा उमेदवार घरी आला. "चाचा, आमचं काय चुकलं?"

"तुमचं गानं चुकलं," चाचा म्हणाले. "हिले थे आवडत नाई."

पुढे शबनमचे डोळे गेले. चाचा तिला रस्ता सांगू लागले. "खड्डा हाय बाई, उजवीकून घे. घाबरू नको, थोडंच राह्यलं." तिच्या शेवटच्या वरातीत नवरदेवाला हे सगळं आपल्यालाच चाललंय असं वाटलं. उतरल्यावर त्यानं चाचांचे पाय धरले. म्हणाला, तुमच्यामुळे धीर आला.

त्यानंतर तिला कुणी बोलावलं नाही. नवरदेव आता फुलं लावलेल्या मोटारीतून येतात. जावेद म्हणू लागला, "अब्बा, आंधळी घोडी बसून खाऊन राह्यली. कोन्या व्यापाऱ्याले दाखवू." मुलगा वाईट नाही, तिचा चारा तोच आणतो. चाचा "पाहू" म्हणायचे. भिंतीपलीकडून मला ते ऐकू यायचं. दर वेळी तो 'पाहू' थोडा बारीक झालेला असायचा.

त्याच सुमारास माझी पत्नी सुमन गेली. माणसं आली, चार शब्द बोलली, परतली. चाचाही आले, खुर्ची उलटी करून घोड्यावर बसावं तसे बसले, आणि जाताना माझ्या पाठीवर दोन थापा मारून गेले. मी बाहेर पडेनासा झालो. बोलणंही थांबलं, कारण घरात बोलायला तीच होती.

एका सकाळी चाचा दारात उभे. हातात दोर, दोराला शबनम.

"सर, माह्ये गुडघे धरले. हिले ओढ्यापर्यंत फिरवून आना. पन रस्ता सांगत जा, नाई त थे हालत नाई."

नाही म्हणायचं तरी बोलावं लागलं असतं. मी दोर घेतला. पहिल्या खड्ड्यापाशी शबनम थांबली.

"खड्डा आहे," मी म्हणालो. स्वतःचा आवाज मलाच परका वाटला. ती जागची हलली नाही.

"खड्डा आहे, बाई. उजवीकडून घे."

ती चालू लागली. मागून चाचा ओरडले, "लगाम ढिला सोडा, सर!"

ओढा येईपर्यंत मी तिला शाळा सांगितली, पिठाची गिरणी सांगितली, सुमन जिथे थांबून भाजीवालीशी भांडायची तो कट्टाही सांगितला. तेव्हापासून आम्ही रोज जातो. मी चाचांच्या गुडघ्यांची चौकशी करतो आणि ते कण्हत उत्तर देतात.

काल परत येताना त्यांच्या अंगणातून अनोळखी आवाज आला. व्यापारी आला होता. मी शबनमला घेऊन भिंतीच्या कोपऱ्याशीच थांबलो.

"इकायची नाई," चाचा सांगत होते.

"काऊन? पोरगा त म्हने काई कामाची नाई."

"कोन म्हनते? कामावर हाय थे. रोज सकायी सरले फिरवून आनते."

मग जावेदचा आवाज आला. "हाव. कामावर हाय."

व्यापारी गेल्यावर चाचा दोर घ्यायला आले, चांगले ताठ चालत. मला पाहिलं आणि गुडघ्यावर हात ठेवला. मीही विचारलं, "कसे आहेत गुडघे?"

"तसेच," ते म्हणाले.

आज मी नेहमीपेक्षा लवकर गेलो. नोकरी करणाऱ्या बाईला ताटकळत ठेवणं बरं नाही.